लांबडीचा रेडिएटर

गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या ताईच्या दुकानात तिचा धाकटा भाऊ आला, तेव्हा तिनं मशीन थांबवलं नाही. काहीतरी हवं असल्याशिवाय तो तिच्याकडे फिरकत नसे, हे तिला पाठ होतं. चामड्याची शिवण टोकापर्यंत नेली, दोरा तोडला, आणि मगच तिनं मान वर केली.

"लांबडी तापतेय," तो म्हणाला.

लांबडी म्हणजे त्यांच्या वडिलांची गाडी. दोन दारांची, सहा सिलिंडरची, आणि पुढून बघावं तर नुसतं बॉनेटच बॉनेट, म्हणून लांबडी. तिच्या काळात ती रस्त्यावरच्या भल्याभल्यांना धूळ चारायची. आता तिच्यासारखी दुसरी त्या गावात नव्हती, आणि म्हणूनच जुन्या गाड्यांच्या क्लबात भावाला मान होता.

"तापणारच," ताई म्हणाली. "रेडिएटर संपलाय तिचा. मागे सीटांसाठी आणलीस तेव्हा पुढून बघितला होता मी. बोट लावलं तर जाळीचा भुगा पडतोय."

"म्हणूनच आलोय. नवा घालायचाय. कुठला घालू?" त्यानं दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज जरा खाली आणला. "रेडिएटरवाल्याकडे तीन प्रकार आहेत. मला काही समजत नाही त्यातलं. तू एकदा बघून सांग ना."

ताईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. पोट सुटलेलं, शर्ट कडक इस्त्रीचा, हातात गाडीची किल्ली. त्या किल्लीचा चामड्याचा पट्टासुद्धा तिनंच शिवलेला. 'लोकांत तू कोण आणि इथं कोण,' हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"बघून सांगते," ती म्हणाली.

वडील लेथवर काम करायचे. लांबडी त्यांनी भंगारातून ओढत आणली, तेव्हा तिच्यात धड इंजिनही नव्हतं. घरामागच्या शेडमध्ये ती कित्येक वर्षं विटांवर उभी होती. ताई आधी दिवा धरायची, मग पाने द्यायला लागली, आणि पुढे पुढे तर वडील गाडीखालून नुसता हात बाहेर काढत आणि हव्या त्या मापाचा पाना न मागता त्यांच्या हातात पडे. इंजिन चढवलं ते दोघांनी. रेडिएटर बसवला तो तिनं एकटीनं, कारण त्या फटीत वडिलांचे हात जात नव्हते. धाकट्याला तेव्हा ग्रीसचा वास आला तरी मळमळायचं. तो शेडच्या दारात उभा राहून जेवायला हाक मारायचा आणि नाक धरून पळायचा.

वडील गेले आणि गाडी भावाकडे गेली. कुणी ठरवलं नाही, कुणी विचारलं नाही. शेडचं कुलूप बदललं. ताईला वाईट वाटलं, पण तेवढ्यावर तिनं आयुष्यभराचं वैर धरलं नसतं. तिचं दुकान होतं, हात चालत होते, एकटीचं बरं चाललं होतं.

वैर धरलं ते क्लबच्या समारंभात. भावानं माइक हातात घेतला आणि सांगितलं, "ही गाडी मी आणि बाबांनी उभी केली." ताई मागच्या रांगेत बसली होती. कुणीतरी सहज विचारलं, "आणि ताई?" भाऊ हसला. "ताई आम्हाला चहा करून द्यायची. चहा मात्र फर्मास हं."

सगळे हसले. मन मोकळं करून हसले. ताईही हसली, कारण तेव्हा दुसरं काय करायचं ते तिला सुचलं नाही. त्या हसण्याबद्दल तिनं स्वतःला कधी माफ केलं नाही, आणि भावाला तर नाहीच नाही.

पुढे ते नावच पडलं. 'चहावाल्या ताईकडे टाका गाडी, सीटा छान करते.' गिऱ्हाइकं प्रेमानं म्हणत. दर वेळी तिच्या काळजात एक टाका पडे.

तेव्हापासून ती टपून होती. एकदा लांबडीची ड्रायव्हरची सीट भरताना तिच्या मनात आलं होतं की एक स्प्रिंग उलटी बसवावी, म्हणजे हा दर खड्ड्याला आठवण काढील. स्प्रिंग हातात घेऊन ती बराच वेळ बसली. पण सीट तिच्या हातची होती. वाकडं काम तिच्या हातून उतरेना. तिनं ती सरळच बसवली आणि रात्रभर स्वतःवर चरफडली.

आणि आता हा स्वतःच्या पायांनी चालत आला होता.

रेडिएटरवाल्याचं दुकान गॅरेजांच्या गल्लीत, शेवटी होतं. भिंतीला टेकून रेडिएटर पुस्तकांसारखे उभे करून ठेवलेले. ताईनं आधी लांबडीची मापं सांगितली, मग तिन्ही प्रकार काउंटरवर मांडायला लावले.

"पहिलं म्हणजे तुमचाच जुना," रेडिएटरवाला म्हणाला. "वरची-खालची पितळी टाकी ठेवायची, मधली जाळी तांब्याची नवी घालायची. दिसायला जुनंच दिसेल. पण जड, आणि हे काम करणारा माझा माणूस आता म्हातारा झालाय, वेळ लागेल. दुसरा हा ॲल्युमिनियमचा, दोन रांगांचा. नळ्या रुंद आहेत, जाळी मोकळी आहे. आणि तिसरा हा."

तिसरा त्यानं दोन्ही हातांनी उचलला. चार रांगांचा, आरशासारखा चकचकीत, उशीएवढा जाड. जाळी इतकी दाट की पलीकडचा उजेड दिसेना.

"रेसिंगचा आहे," तो म्हणाला. "पोरं यावरच उड्या मारतात."

ताईनं तो उभा केला आणि जाळीवर तोंडानं फुंकर मारली. दुसरीकडे हात धरला होता, त्याला वारा लागला नाही. मग दोन रांगांच्या जाळीवर फुंकर मारली. तळव्याला गार लागलं.

"हा जाड लांबडीत बसेल?"

"बसेल, पण फॅनला भिडेल. फॅनभोवतीचं कव्हर काढावं लागेल."

"आणि कव्हर काढलं तर?"

रेडिएटरवाल्यानं खांदे उडवले. "मोकळ्या रस्त्यावर काही होत नाही. समोरून वारा येतोच. गाडी रांगायला लागली की मात्र सगळा भार फॅनवर. कव्हर नसेल तर फॅन आजूबाजूचीच हवा घुसळत बसतो, एवढ्या दाट जाळीतून काय ओढणार तो? मी तर म्हणेन, ताई, हा दोन रांगांचा घ्या. कव्हर तसंच राहील, डोळे मिटून चालवा."

ताईलाही तेच वाटत होतं. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. तिनं त्या दोन रांगांच्या रेडिएटरवरून हात फिरवला, रबरी पाइपांची तोंडं बरोबर बाजूंना आहेत हे पाहिलं, आणि मग तिची नजर जाड रेडिएटरकडे गेली. त्यात तिला स्वतःचं तोंड दिसत होतं. थोडं वाकडं, थोडं लांब, पण स्पष्ट.

क्लबची मिरवणूक जवळ आली होती. दर उन्हाळ्यात जुन्या गाड्या मुख्य रस्त्यानं माणसाच्या चालीनं निघत, आणि सगळ्यांत पुढे लांबडी असे.

"मी कळवते," ती म्हणाली.

संध्याकाळी तिनं भावाला फोन केला. "जाड घे. चार रांगांचा."

"मला पण तोच आवडलाय," तो खूश होऊन म्हणाला. "पण तो म्हणाला की फॅनचं कव्हर काढावं लागेल."

"काढ."

"पण मग बाबांनी ते कशाला बसवलं होतं?"

प्रश्न बरोबर होता. त्याला तो सुचेल असं तिला वाटलं नव्हतं.

"बाबांकडे तेव्हा असला रेडिएटर कुठे होता? पातळ होता, म्हणून कव्हर लागत होतं," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आयुष्यात पहिल्यांदा तिनं वडिलांच्या नावावर खोटं खपवलं होतं. तिला ते लागलं. पण लागलं म्हणून तिनं परत फोन केला नाही.

चार-आठ दिवसांत भावजय दुकानात आली. ती मनानं साधी, नवरा आणि नणंद यांच्यात निरोप्याचं काम करून दमलेली.

"ताई, तुमचं नाव काढत होते हो घरी. हायवेवर नेऊन आणली गाडी. तापमानाचा काटा हलला नाही म्हणे. बॉनेट उघडून सारखे बघत बसतात, काय चकाकतंय म्हणून."

"लोकांनाही सांगतो का, मी निवडला म्हणून?" ताईनं विचारलं.

भावजयीनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "ते... तसं कुणी विचारलं नाही ना."

ताईच्या मनात उरलीसुरली जी काही चुळबुळ होती ती तिथल्या तिथे शांत झाली. तिनं मापाची टेप गळ्यात अडकवली आणि कामाला लागली. त्या आठवड्यात ती काम करताना गुणगुणत होती.

मिरवणुकीच्या दिवशी तिनं दुकान बंद ठेवलं. मुख्य रस्ता जिथे अरुंद होतो तिथे औषधांच्या दुकानापुढे सावलीत जागा धरली. ऊन असं होतं की डांबराला चपला चिकटत होत्या. दोन्ही फुटपाथांवर माणसं, पुढे चौकात मंडप, मंडपात खुर्च्या.

लांबडी वळणावर दिसली. अजूनही देखणी होती. भाऊ गॉगल लावून बसलेला, शेजारी क्लबचे अध्यक्ष, मांडीवर टोपी ठेवून लोकांना हात करणारे. गाडी दोन हात पुढे येई, थांबे, पुन्हा दोन हात. ताईनं भावाच्या तोंडावरून नजर हलवली नाही. त्यानं एकदा काट्याकडे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. मग बोटानं काचेवर टिचकी मारली, जणू काटाच खोटं बोलत होता.

'बघ,' ती मनात म्हणाली. 'बघ नीट.'

आधी वास आला, रेडिएटरमधल्या कूलंटचा, गोडसर. मग बॉनेटच्या फटीतून वाफेची एक रेघ निघाली, आणि पाहता पाहता दोन्ही बाजूंनी भपकारे सुटले. लोक बोटं दाखवायला लागले. कुणीतरी म्हणालं, "पुढच्याच गाडीचा बट्ट्याबोळ झाला की हो." दोन पोरी फोनवर चित्रण करत होत्या. अध्यक्षांनी रुमाल नाकाला लावला. ताईच्या अंगातून काहीतरी गार आणि गोड उतरत गेलं. इतक्या वर्षांचं उट्टं निघत होतं, आणि तेही भर रस्त्यात, सगळ्यांसमोर. तिनं मनात हेच चित्र रंगवलं होतं: तो गाडी थांबवील, खाली उतरेल, वाफेत उभा राहील, आणि लोक हसतील.

पण तो थांबला नाही. मंडप समोर दिसत होता. भावानं दात आवळले आणि गाडी तशीच पुढे रेटली. त्याच्या मानीपणावर तिनं बेत आखला होता. तो इतका मानी असेल हे मात्र तिनं धरलं नव्हतं.

आणि मग इंजिनातून आवाज यायला लागला. कोरडा, कडक, डब्यात खडे हलवावेत तसा. लोकांना तो ऐकूही आला नसेल. ताईला आला. त्या इंजिनाचा प्रत्येक आवाज तिला माणसाच्या आवाजासारखा ओळखता येत होता, आणि हा आवाज तिनं आजवर ऐकला नव्हता.

फुटपाथाकडेला बांधलेली दोरी ओलांडून ती रस्त्यात धावली.

"बंद कर," ती खिडकीशी ओरडली. "गाडी बंद कर."

"मंडपापर्यंत जाऊ दे."

"मरतेय ती. बंद कर म्हणते ना."

त्यानं ऐकलं नाही. तिनं खिडकीतून हात घातला आणि किल्ली फिरवली. लांबडी धापा टाकल्यासारखी दोन झटके हलली आणि निपचित पडली. मागच्या गाड्या थांबल्या. वाफेचा फुसफुस आवाज तेवढा राहिला.

अध्यक्ष घाम पुसत उतरले. बॉनेट उघडलं गेलं. चार जाणती माणसं वाकून बघायला लागली, आणि त्यांच्यातला एक म्हणाला, "फॅनला कव्हर नाही. आणि हे उशीएवढं धूड कुणी घातलं इथं?"

सगळ्यांनी भावाकडे पाहिलं. त्याचा चेहरा लाल झाला होता, शर्टाची इस्त्री उतरली होती. त्यानं ताईकडे बोट केलं.

"हिनं. हिनंच सांगितला. या गाडीतलं हिच्याइतकं कुणाला कळतं? बाबांबरोबर हिनंच तर बांधलीय ही. नट न् नट हिच्या हातचा आहे. म्हणून हिला विचारायला गेलो होतो मी."

ते वाक्य त्यानं भर रस्त्यात, क्लबच्या यच्चयावत माणसांसमोर म्हटलं. इतकी वर्षं ताई ज्या वाक्याची वाट बघत होती तेच ते वाक्य होतं, आणि ते तिला मिळालं होतं आरोप म्हणून.

अध्यक्षांनी भुवया वर केल्या. "पण तुम्ही तर म्हणाला होतात, त्या चहा करायच्या."

"मी?" भाऊ म्हणाला. "मी कधी म्हणालो?"

"समारंभात. माइकवर," ताई म्हणाली. "आठव."

त्यानं आठवून पाहिलं. ती त्याच्या अगदी समोर उभी होती, आणि तो खरोखर आठवायचा प्रयत्न करतोय हे तिला दिसत होतं. गॉगल काढून तो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत काहीच नव्हतं. लाज नाही, लबाडी नाही. ज्या वाक्यावर तिनं एवढी वर्षं दातओठ खाल्ले, ते तो त्याच संध्याकाळी विसरून गेला होता.

"असेल म्हणालो," तो म्हणाला. "गमतीनं म्हणालो असेन. त्याचं इथं काय?"

"त्याचंच सगळं," ती म्हणाली. "चुकीचा आहे हे मला माहीत होतं. माहीत असून सांगितला. तू असा लोकांसमोर उभा राहावास म्हणून."

भावजय गर्दीतून पुढे आली होती, ती तोंडाला पदर लावून उभी राहिली. भाऊ एक पाऊल मागे सरकला, जणू त्याला पहिल्यांदाच कळलं की बहीण आहे म्हणून या बाईला गृहीत धरून चालता येत नाही. ताईला त्याच्या तोंडावरचं ते भय आवडलं. आवडलं, हे खरंच.

मग अध्यक्ष हळूच म्हणाले, "तुमचं भांडण तुम्ही जाणा, ताई. पण गाडीनं तुमचं काय वाकडं केलं होतं?"

ताई वळली आणि इंजिनाकडे तिनं बघितलंही नाही.

लांबडी एका गॅरेजात कितीतरी दिवस झाकून पडली होती. इंजिनाचं हेड वाकलं होतं, गॅसकेट फुटलं होतं, एक पिस्टन खरवडला होता. भावाला आता ती रस्त्यावर काढायची सोय नव्हती. काढली की लोक वाफेची गोष्ट काढणार. शेवटी भावजय निरोप घेऊन आली.

"घेऊन जा म्हणतायत. त्यांना ती डोळ्यांसमोर नको."

"गाडी नको की मी नको?"

"दोघी," भावजय म्हणाली. आणि थोड्या वेळानं तिनं विचारलं, "ताई, खरं सांगा. पुन्हा वेळ आली तर असंच कराल?"

"करीन," ताई म्हणाली. "पण गाडी दुसरी बघीन."

भावजयीला हसू आलं आणि त्याचा तिला रागही आला, हे दोन्ही तिच्या तोंडावर एकाच वेळी दिसलं.

ट्रकवर घालून लांबडी ताईच्या दुकानामागच्या पडवीत आली. दिवसा सीटा आणि संध्याकाळी इंजिन, असं तिचं चालू झालं. हेड लेथवाल्याकडून सपाट करून आणलं. पिस्टन बदलला. हात पूर्वीसारखे चालत नव्हते, फटीत जात मात्र होते. काम करताना ती स्वतःला शिव्या देई, मग भावाला देई, मग पुन्हा स्वतःला.

रेडिएटर घ्यायला ती पुन्हा गल्लीच्या टोकाला गेली. जाड रेडिएटर तिनं काउंटरवर आडवा टाकला.

"ऐकलंय मी सगळं," रेडिएटरवाला म्हणाला. त्यानं तो उचलला नाही. "मी तुम्हाला दुसरा घ्या म्हणालो होतो."

"म्हणाला होतात."

"माझ्या दुकानाचं नाव गेलं, ताई. लोक म्हणतात, यानं दिला."

तिनं मान खाली घातली. हा माणूस तिच्या हिशेबात कधीच नव्हता, आणि तरी त्याच्यावर शिंतोडे उडाले होते. "मी सांगेन सगळ्यांना," ती म्हणाली, आणि तिनं सांगितलंही, दुकानात येईल त्या प्रत्येकाला. त्यामुळे रेडिएटरवाल्याचं नाव सुधारलं आणि तिचं आणखी बिघडलं. क्लबातल्या काहींनी तिच्याकडे गाड्या टाकणं बंद केलं. सीटेखाली ही बाई काय ठेवील याचा भरवसा नाही, असं ते म्हणत. चहावाली मात्र तिला पुन्हा कुणी म्हटलं नाही.

पितळी टाक्या ठेवून जुनाच रेडिएटर नव्यानं भरून घ्यावा, असं तिला आधी वाटलं होतं. त्या टाक्यांवर वडिलांच्या हातचं डाखकाम होतं. पण मग तिनं विचार केला, वडील असते तर काय करते? जुनं जपण्याची हौस त्यांना कधीच नव्हती. चालतंय का, एवढंच ते बघत. तिनं दोन रांगांचा ॲल्युमिनियमचा घेतला. फॅनचं कव्हर भावाच्या शेडमध्ये धूळ खात पडलं होतं, ते भावजयीनं पिशवीत घालून आणून दिलं.

गाडी पहिल्यांदा बाहेर काढली ती तिनं मुद्दाम बाजाराच्या गर्दीत. पाण्याच्या टँकरमागे, भर दुपारी, पावलापावलानं. काटा मधोमध येऊन थांबला आणि तिथेच राहिला. तिला वाटलं होतं तसा आनंद झाला नाही. हात तेवढे स्टिअरिंगवर सैल पडले.

भाऊ तिच्याशी बोलत नाही. तीही बोलत नाही. परवा पडवीबाहेर गाडी उभी करून ती पाणी तपासत होती, तर तो रस्त्याच्या पलीकडून चालला होता. तिला पाहून त्यानं पावलं उचलली, आणि मग थबकला. उघड्या बॉनेटकडे बघत राहिला. ताईनं मान वर केली नाही. तपासायचं केव्हाच संपलं होतं, तरी तिनं बॉनेट लावलं नाही. बघू दे नीट, असं तिच्या मनात आलं. तो गेल्यावर तिनं फडक्यानं हात पुसले आणि बॉनेट खाली घेतलं.